तंतुकणिकेतून केंद्रकात : कॉक्स-२ जनुकाच्या स्थलांतराचा शोध

तंतुकणिका मूळची पेशीची नव्हे. सुमारे दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वी एक जीवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच राहिला. वनस्पती आणि प्राणी यांच्या पेशींत आज श्वसनाचे काम करणाऱ्या तंतुकणिका त्याच्याच वंशज आहेत. स्वतंत्र जगणाऱ्या जीवाणूकडे साधारणपणे हजारो जनुके असतात. फुलझाडांच्या तंतुकणिकेत प्रथिने घडवणारी जनुके मात्र तीस-चाळीसच उरली आहेत, आणि माणसाच्या तंतुकणिकेत तर अवघी १३. तंतुकणिका चालायला लागणारी प्रथिने हजारावर आहेत. त्यांतली बहुतेक केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर, पेशीद्रवात तयार होतात आणि मग आत नेली जातात. ही सगळीच काही जुन्या जीवाणूची नाहीत, पण त्याची कितीतरी जनुके केंद्रकात जाऊन बसली आहेत, हे नक्की. प्राण्यांमध्ये कामाच्या जनुकांचे हे स्थलांतर फार पूर्वीच थांबले. वनस्पतींमध्ये ते अजून चालू आहे. हे कळले ते मुख्यतः एका जनुकाच्या पाठपुराव्यातून, आणि त्या पाठपुराव्यात चवळी, मूग, सोयाबीन अशी कडधान्ये मध्यभागी होती.

केंद्रकाबाहेरही आनुवंशिकता असते, याची पहिली ठोस खूण १९०९ साली मिळाली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स गुलबक्षीवर प्रयोग करत होता. पांढरे-हिरवे पट्टे असलेल्या गुलबक्षीच्या झाडावर काही फांद्या पूर्ण हिरव्या, काही पूर्ण पांढऱ्या, तर काही मिश्र असतात. कोरेन्सच्या लक्षात आले, की बी ज्या फांदीवरच्या फुलात धरले त्या फांदीचाच रंग रोपाला येतो. पराग कुठल्या फांदीचे होते याने काही फरक पडत नाही. मेंडेलच्या नियमांत हे बसणारे नव्हते. त्याच वर्षी एर्विन बाउरला पेलार्गोनियममध्येही केंद्रकाच्या हिशेबात न बसणारा वारसा दिसला. दोन्ही उदाहरणे हरितलवकांची होती, तंतुकणिकांची नव्हेत. पण पेशीतले सगळे जनुकीय भांडवल केंद्रकातच असते या समजाला त्यांमुळे तडा गेला.

हरितलवके म्हणजे पेशीत स्थिरावलेले जीव असावेत, ही कल्पना कॉन्स्टान्टिन मेरेझ्कोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०५ सालीच मांडली होती. तंतुकणिकांबद्दल तेच म्हणणाऱ्या अमेरिकन आयव्हन वॉलिनला १९२०च्या दशकात फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९६३ मध्ये मार्गिट आणि सिल्व्हान नास यांना कोंबडीच्या गर्भपेशींमधल्या तंतुकणिकांत डीएनएचे धागे सापडले. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिसने (त्या वेळी तिचे आडनाव सेगन होते) सहजीवनातून पेशी कशी घडली याचा सविस्तर सिद्धान्त प्रसिद्ध केला. तो लेख पंधराएक नियतकालिकांनी परत पाठवला होता, असे ती पुढे सांगत असे. सिद्धान्त मान्य होत गेला तसा एक प्रश्न अटळ झाला. आत आलेला जीवाणू जर स्वतंत्र जगत होता, तर त्याची बाकीची जनुके गेली कुठे?

वनस्पतींच्या तंतुकणिकांकडे संशोधक वळले ते मात्र या प्रश्नापायी नव्हे, तर मक्याच्या बियाण्यापायी. संकरित बियाणे करायचे तर मादी म्हणून लावलेल्या झाडांचे तुरे हातांनी खुडावे लागतात. टेक्सास प्रकारच्या मक्यात पराग धरतच नाहीत, त्यामुळे ही मजुरी वाचे. १९७०पर्यंत अमेरिकेतला बहुतेक संकरित मका याच वाणावर उभा होता. त्या वर्षी पानांवरच्या करप्याने देशाच्या मक्याचे सुमारे १५ टक्के पीक बुडवले, आणि रोगाला बळी पडण्याचा गुण नरवंध्यत्वाबरोबरच आईकडून येतो हे उघड झाले. १९७६ मध्ये लेव्हिंग्ज आणि प्रिंग यांनी साध्या आणि टेक्सास मक्याच्या तंतुकणिकांमधला डीएनए वेगळा असल्याचे दाखवले. महाराष्ट्रात १९६०च्या दशकात ‘हायब्रीड’ या नावाने शेतात आलेल्या ज्वारी-बाजरीच्या मागेही असेच आईकडून येणारे नरवंध्यत्व होते. तंतुकणिकांच्या डीएनएला एकदा बाजारभाव आल्यावर त्याच्या अभ्यासाला पैसाही मिळू लागला.

हा डीएनए चमत्कारिक निघाला. माणसाच्या तंतुकणिकेचा जनुकसंच १९८१ मध्ये पूर्ण वाचला गेला, तो १६,५६९ बेसजोड्यांचा भरला. आटोपशीर, फापटपसारा नसलेला. त्याच वर्षी वेलवर्गीय फळांवरच्या मोजणीत कलिंगडाच्या तंतुकणिकेत सुमारे ३,३०,००० बेसजोड्या, तर त्याच कुळातल्या खरबुजात सुमारे २४ लाख बेसजोड्या असल्याचे दिसले. म्हणून खरबुजात जनुके जास्त आहेत असे मुळीच नाही. पसारा आहे तो मोकळ्या, पुन्हापुन्हा आलेल्या आणि बाहेरून आलेल्या तुकड्यांचा. १९८२ मध्ये डेव्हिड स्टर्न आणि डेव्हिड लॉन्सडेल यांना मक्याच्या तंतुकणिकेत १२,००० बेसजोड्यांचा एक अखंड तुकडा आढळला, आणि तो चक्क हरितलवकाचा होता. जॉन एलिसने ‘नेचर’मध्ये यावर टिपण लिहिताना अशा भटक्या डीएनएला ‘स्वैर’ म्हटले. दुसऱ्याच वर्षी टिमिस आणि स्कॉट यांनी पालकाच्या केंद्रकात हरितलवकाचे तुकडे दाखवले. पेशीतल्या तिन्ही जनुकसंचांमधल्या भिंती समजल्या जात होत्या तितक्या बंद नव्हत्या. तरी हे तुकडे बहुतेक निकामी होते. डीएनए इकडून तिकडे जातो हे कळले, पण कामाचा जनुक आपले काम घेऊन गेला असे उदाहरण फुलझाडांत अजून हाती आले नव्हते.

कॉक्स-२ जनुकाचा प्रवेश याच सुमारास होतो. श्वसनसाखळीच्या शेवटी सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देते, आणि त्या विकराचा दुसरा घटक या जनुकावरून बनतो. १९८१ मध्ये थॉमस फॉक्स आणि क्रिस्टोफर लीव्हर यांनी मक्याच्या तंतुकणिकेतला हा जनुक वाचला. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. जनुकाच्या मध्यभागी एक इन्ट्रॉन, म्हणजे संदेशातून कापून टाकायचा मजकूर होता. दुसरी गोष्ट अधिक विचित्र होती. इतर सजीवांच्या याच प्रथिनात जिथे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असते, त्यांतल्या काही जागी मक्यात सीजीजी हे त्रिक दिसत होते, आणि सीजीजीचा नेहमीचा अर्थ आर्जिनिन. वनस्पतींच्या तंतुकणिकेत या त्रिकाचा अर्थच वेगळा असावा, असे अनुमान निघाले. प्राणी आणि यीस्ट यांच्या तंतुकणिकांची जनुकीय भाषा जराशी बदललेली असतेच, त्यामुळे ते तेव्हा सयुक्तिक होते. ते आठ वर्षे टिकले.

१९८९ मध्ये कॅनडात हॅलिफॅक्सचे पॅट्रिक कोव्हेलो आणि मायकेल ग्रे, फ्रान्समधला स्ट्रासबर्गचा गट आणि बर्लिनमधला अॅक्सेल ब्रेनिके यांचा गट अशा तिघांनी जवळजवळ एकाच वेळी खुलासा दिला. भाषा नेहमीचीच आहे. जनुकावरून आरएनए तयार झाल्यावर त्यात दुरुस्ती होते. ठरावीक ठिकाणच्या सायटोसिनचा युरासिल होतो, सीजीजीचे यूजीजी होते, आणि यूजीजी म्हणजे ट्रिप्टोफॅन. डीएनएत ‘चूक’ तशीच राहते, प्रत काढताना ती सुधारली जाते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या तंतुकणिकेत अशा दुरुस्त्या चारशेहून जास्त ठिकाणी होतात. इतक्या आडवळणाची व्यवस्था का टिकून राहिली असावी, याची उत्तरे पुष्कळ दिली गेली आहेत. मन भरेल असे एकही नाही.

स्थलांतराच्या प्रश्नाला मात्र या शोधाने एक अनपेक्षित साधन दिले. केंद्रकातल्या जनुकांच्या आरएनएत अशी दुरुस्ती होत नाही. म्हणून तंतुकणिकेतला जनुक डीएनएच्या रूपात जसाच्या तसा केंद्रकात गेला, तर न सुधारलेली सायटोसिने तो बरोबर नेईल आणि त्यावरून बनणारे प्रथिन बिघडलेले असेल. तो जर दुरुस्त आरएनएच्या वाटेने, त्या आरएनएवरून उलट डीएनए बनून गेला असेल, तर केंद्रकातल्या प्रतीत त्या जागी सायटोसिनऐवजी थायमिन (डीएनएत युरासिलच्या जागी तेच असते) सापडले पाहिजे आणि इन्ट्रॉनही गळलेला असला पाहिजे. प्रवास कुठल्या वाटेने झाला, याचा पुरावा प्रवाशाच्या अंगावरच उरणार होता.

तो पुरावा १९९१ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या जॅकलिन न्यूजंट आणि जेफ्री पामर यांनी चवळी आणि मुगात शोधून काढला. या दोन्ही पिकांच्या तंतुकणिकांत कॉक्स-२ नव्हता. श्वसन तर व्यवस्थित चालू होते, आणि या घटकावाचून ते चालणे शक्य नाही. मग जनुक केंद्रकात सापडला. त्याचा मजकूर तंतुकणिकेतल्या जनुकापेक्षा दुरुस्त झालेल्या आरएनएशी जास्त जुळत होता, आणि मूळचा इन्ट्रॉन गेला होता. उलट एक नवाच इन्ट्रॉन आला होता, आणि तोही नेमक्या जोडावर: जिथे प्रथिनाला तंतुकणिकेचा पत्ता सांगणारा आरंभीचा तुकडा संपतो आणि खरे प्रथिन सुरू होते तिथे. पत्त्याचा तुकडा दुसरीकडून येऊन चिकटला असावा, असे त्यावरून दिसते. तंतुकणिकेतून जनुक पुरता गेल्याचे व्हिग्ना या एकाच प्रजातीत आढळले. चवळी, मूग, उडीद, मटकी ही सगळी याच प्रजातीतली.

पुढच्या वर्षी कोव्हेलो आणि ग्रे यांनी सोयाबीन तपासले. तिथे दोन्ही प्रती होत्या. केंद्रकातली चालू होती. तंतुकणिकेतली जनुक म्हणून धडधाकट होती, पण मूक. वाटाण्यात याच्या उलट, तंतुकणिकेतलीच प्रत काम करत होती. एकाच कुळातली तीन पिके एकाच प्रवासाच्या तीन मुक्कामांवर उभी असावीत असे हे चित्र होते. त्यातून एक गोष्ट तर्कानेच निघते. तंतुकणिकेतला जनुक आधी गेला आणि मग केंद्रकातला सुरू झाला, असे होऊ शकत नाही. मधल्या काळात वनस्पती जगलीच नसती. म्हणजे कधीतरी दोन्ही प्रती एकदम चालू असल्याच पाहिजेत. अशा अवस्थेतली वनस्पती मात्र कोणाला दिसली नव्हती.

ती शोधण्यासाठी कीथ अॅडम्स, पामर आणि सहकाऱ्यांनी द्विदल शेंगांच्या कुळातल्या २५हून जास्त प्रजाती घेतल्या आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. तंतुकणिकेतल्या जनुकाचा मागोवा तर त्यांनी ३९२ प्रजातींमध्ये घेतला होता. नऊ वनस्पतींत दोन्ही प्रती शाबूत निघाल्या आणि सात वनस्पतींत दोन्ही प्रतींवरून आरएनए तयार होत होता. यापेक्षाही बोलके होते ते बंद पडण्याचे हिशेब. केंद्रकातली प्रत तीन ते पाच वेळा स्वतंत्रपणे बंद पडली होती, आणि तंतुकणिकेतलीही साधारण तितक्याच वेळा. बंद पडण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या होत्या: कुठे आरएनए बनणे थांबले, कुठे दुरुस्ती होईनाशी झाली, कुठे जनुकाचा तुकडाच गळला, कुठे तो पूर्ण गेला. केंद्रकात असणे फायद्याचे असते तर केंद्रकातली प्रत इतक्या वेळा हरली नसती. दोन्ही प्रती चालू असताना जिच्यावर आधी उत्परिवर्तनाचा घाव पडला ती गेली, दुसरी राहिली, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

हा निष्कर्ष पचायला जड होता, कारण स्थलांतराची रूढ कारणमीमांसा अगदी उलट होती. तंतुकणिकेत लैंगिक पुनर्मीलन नसल्यामुळे दोष साचत जातात, म्हणून जनुके सुरक्षित केंद्रकात पळतात, असे पाठ्यपुस्तके सांगत. प्राण्यांच्या बाबतीत त्यात तथ्य असेल. पण वुल्फ, ली आणि शार्प यांनी १९८७ मध्येच दाखवले होते, की वनस्पतींच्या तंतुकणिकांचा डीएनए हरितलवकाच्या डीएनएच्या एक-तृतीयांशाहूनही कमी वेगाने बदलतो, आणि हरितलवकाचा डीएनए केंद्रकाच्या निम्म्या वेगाने. वनस्पतींत सुरक्षित जागा म्हणायची तर ती तंतुकणिकाच आहे.

दरम्यान कॉक्स-२ हा अपवाद नाही हेही दिसू लागले. अॅडम्सच्याच गटाने २००० मध्ये रायबोसोमच्या आरपीएस-१० या प्रथिनाचा जनुक २७७ फुलझाडांत तपासला. तो तंतुकणिकेतून २६ वेळा नाहीसा झाल्याचे आढळले, आणि केंद्रकात तो पुन्हापुन्हा, स्वतंत्रपणे पोचला होता. २००२ मध्ये २८० प्रजाती आणि ४० जनुके यांचे मोठे सर्वेक्षण झाले. रायबोसोमच्या प्रथिनांची चौदाही जनुके आणि सक्सिनेट डिहायड्रोजनेज या विकराची दोन्ही जनुके वारंवार, प्रत्येकी ६ ते ४२ वेळा, गेलेली होती. उरलेल्या चोवीस जनुकांत मिळून अशा घटना फक्त दोन. काही कुळांत कोट्यवधी वर्षे काहीच झाले नाही आणि काहींत जनुकांची रांगच लागली.

केंद्रकात पोचलेल्या जनुकाला तिथे सुरुवातीचा स्विच, शेवटची खूण आणि पत्त्याचा तुकडा मिळवावा लागतो. हे कसे जमते याची उत्तम उदाहरणे जपानी संशोधकांनी भातात शोधली. कादोवाकी आणि सहकाऱ्यांना १९९६ मध्ये रायबोसोमच्याच आरपीएस-११ या जनुकाच्या केंद्रकातल्या दोन प्रती आढळल्या. एकीने पत्त्याचा तुकडा एका जुन्या तंतुकणिका-प्रथिनाच्या जनुकाकडून उचलला होता, दुसरीने दुसऱ्याच जनुकाकडून. आरपीएस-१४ने तर आणखी स्वस्तात भागवले. तो सक्सिनेट डिहायड्रोजनेजच्या एका घटकाच्या जनुकात, त्याच्या इन्ट्रॉनमध्येच जाऊन बसला. एकच लांब आरएनए तयार होतो. तो एका तऱ्हेने जोडला की यजमान प्रथिन बनते, दुसऱ्या तऱ्हेने जोडला की आरपीएस-१४. पत्ता दोघांचा एकच. मक्यातही हीच रचना आहे, म्हणजे भात आणि मका यांचे पूर्वज वेगळे होण्याआधीच हे घडून गेले होते. भाताच्या तंतुकणिकेत या जनुकाचा मोडका अवशेष अजूनही आहे.

जनुके आरएनएच्या वाटेने जातात की डीएनएच्या, हा वाद मात्र कडधान्यांनी मिटला नाही. अरॅबिडॉप्सिसच्या तंतुकणिकेचा ३,६६,९२४ बेसजोड्यांचा जनुकसंच १९९७ मध्ये वाचून झाला. १९९९ मध्ये त्याच्या केंद्रकातले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र वाचले गेले तेव्हा त्यात तंतुकणिकेच्या डीएनएचा सुमारे २,७०,००० बेसजोड्यांचा एक सलग पट्टा मिळाला. २००१ मध्ये ताणलेल्या डीएनएवर चमकती रंगद्रव्ये बसवून सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजले, तर तो पट्टा सुमारे ६,२०,००० बेसजोड्यांचा, म्हणजे अख्ख्या तंतुकणिका-जनुकसंचाहून मोठा निघाला. पुनरावृत्ती झालेले भाग वाचताना गाळले गेले होते. इतका मोठा ऐवज आरएनएतून येणे शक्य नाही. डीएनए घाऊक भावात केंद्रकात शिरतो हे त्याने सिद्ध केले. मग चवळीतल्या जनुकाचे काय? आरएनएवरून उलटी प्रत तंतुकणिकेच्या आतच बनली आणि नंतर ती डीएनए म्हणून बाहेर पडली, असे धरले तर दोन्ही पुरावे नांदू शकतात.

डीएनए असा किती वेळा निसटतो, हे वनस्पतीत प्रत्यक्ष मोजले गेले ते २००३ मध्ये, अॅडलेडला, तंबाखूच्या हरितलवकावर. तंतुकणिकेत बाहेरचा जनुक कायमचा बसवण्याचे तंत्र वनस्पतींसाठी तेव्हा उपलब्ध नव्हते. हुआंग, आयलिफ आणि टिमिस यांनी कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा जनुक हरितलवकात घातला, पण केंद्रकात पोचला तरच तो चालेल अशी त्याची बांधणी केली. मग या झाडांचे पराग साध्या तंबाखूच्या फुलांवर सोडले. तंबाखूत हरितलवके आईकडूनच येतात, त्यामुळे प्रतिकार दिसला तर तो परागाच्या केंद्रकातूनच आलेला असणार. कॅनामायसिनवर वाढवलेल्या अडीच लाख रोपांत बाकीची पांढुरकी पडली आणि १६ हिरवी राहिली. प्रमाण पडले साधारण १६,००० परागकणांमागे एक. तज्ज्ञांच्या अटकळीपेक्षा ते कितीतरी जास्त होते. डीएनए केंद्रकात येतच असतो. दुर्मीळ आहे ते त्याचे कामाला लागणे.

कामाला लागण्यातली एक अडचण पर्थमध्ये डॅनियल डेली आणि जेम्स व्हीलन यांनी २००२ मध्ये दाखवली. कॉक्स-२चे प्रथिन पटलात रुतून बसणारे, पाण्याला टाळणारे आहे. सोयाबीनच्या तंतुकणिकेतल्या प्रतीवरून बनलेल्या प्रथिनाला पत्त्याचा तुकडा जोडला तरी ते बाहेरून आत शिरेना. केंद्रकातल्या प्रतीत पटलात रुतणाऱ्या पहिल्या भागातली काही अमिनो आम्ले बदललेली होती आणि त्या भागाचा पाण्याशी असलेला दुरावा कमी झाला होता. तंतुकणिकेच्या प्रतीत त्यांतले दोनच बदल केले तरी प्रथिन आत जाऊ लागले. पत्त्याचा तुकडाही साधा नाही. शंभराहून जास्त अमिनो आम्लांचा तो तुकडा आत गेल्यावर टप्प्याटप्प्याने छाटला जातो. कॉक्स-१ आणि सायटोक्रोम-बी यांच्या प्रथिनांत पटलात रुतणारे भाग कॉक्स-२पेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि फुलझाडांत ही जनुके तंतुकणिका सोडून गेल्याचे आढळलेले नाही.

तंतुकणिकेतून जनुक नाहीसा दिसला की तो केंद्रकात शोधायचा, ही सवय या सगळ्या कामातून लागली होती. २०१५ मध्ये व्हिस्कम प्रजातीच्या बांडगुळांत श्वसनसाखळीतल्या पहिल्या संकुलाची तंतुकणिकेतली नऊही जनुके गायब असल्याचे दिसले, तेव्हा ती केंद्रकात गेली असतील अशी शक्यता साहजिकच पुढे आली. २०१८ मध्ये दोन गटांनी युरोपातल्या बांडगुळाच्या तंतुकणिका वेगळ्या करून तपासल्या, तर त्यांत ते संकुलच नव्हते. ती जनुके कुठे गेली नव्हती, ती संपली होती. यजमान झाडाच्या रसावर जगणाऱ्या बांडगुळाचे त्यांच्यावाचून चालत होते.